दंडाला बांधलेलं डोरलं

हिंदुराव कवाडातून आत आले आणि सारजाबाईच्या हातातलं सूप जागच्या जागी थांबलं. गहू पाखडायचे तसेच राहिले.

गुलाबी फेटा, डाव्या गालावर हरभऱ्याएवढा मस, चालताना पोट पुढं नि मान मागं. चुकायचं कारणच नव्हतं. दोन महिन्यांमागं हाच माणूस पुण्यात नाटकाच्या मांडवात पहिल्या रांगेत बसला होता आणि उपरण्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडला होता. सारजानं त्याला वरून पाहिलं होतं. त्यानं सारजाला खालून पाहिलं होतं, आणि पाहिलं होतं ते कसबिणीच्या सोंगात.

आज तोच माणूस नवरदेवाचा सख्खा मामा म्हणून अंगणात उभा होता. ताथवड्याहून काल निघून, भोसरीला पाहुण्यांकडं मुक्काम करून, सकाळच्या एस्टीनं चाकणला उतरला होता. काखेत नवरीचं हळदीचं लुगडं. सुपारी फुटली त्या दिवशी तो आजारपणामुळं आला नव्हता, म्हणून सारजाला कळायला मार्गच नव्हता की पुण्यात रडणारा तो गडी आपल्या होणाऱ्या सोयऱ्यातला आहे.

तिनं पदर भुवयांच्या खाली ओढला, सूप उचललं आणि पाठ करून चुलीकडं सरकली.

सत्तावन सालचा वैशाख होता. चाकणच्या बाजारापासून कोसभर आत, कांद्याच्या वाफ्यांच्या कडेला दहा-बारा घरांची ती वस्ती. अंगणात जातं मांडलं होतं. त्याला चुन्याचे पट्टे ओढून झाले होते, खुंट्याला आंब्याचा डहाळा नि सुपारी बांधायची तेवढी राहिली होती. सारजाची नणंद छबू हिच्या लग्नाची हळद दळायची होती. पाच सवाष्णींनी मिळून जात्याला हात घालायचा आणि पहिला घास भरायचा, ही रीत. बघायला एवढंएवढंसं काम, पण त्या पाचांत कोण बसली आणि कोण नाही हे वस्ती जन्मभर ध्यानात ठेवते. जिचा नवरा जिता असून तिला त्या जात्याला बोलावलं नाही, तिच्यात काहीतरी खोट आहे असं न बोलता ठरतं. मग तिला कुणी ओटीला बोलावत नाही, बारशाला बोलावत नाही. तोंडावर कुणी काही म्हणत नाही, आणि तेच जास्त वाईट.

सारजा पाचांत होती. सासूनं स्वतः नाव घेतलं होतं. आणि हे जातं सारजाला इतर कुठल्याही जात्यापेक्षा जास्त हवं होतं. ती चौदाव्या वर्षी नांदायला आली तेव्हा छबू चार वर्षांची, नाकातून शेंबूड गळणारी पोर होती. सासरा त्याच साली पटकीनं गेला. सासू सरुबाई दिवसभर रानात, मग पोरीला न्हाऊ घालणं, उवा काढणं, तिला पाठुंगळी मारून पाण्याला जाणं, सगळं सारजानं केलं. चारचौघांत ती तिला वन्सं म्हणायची, घरात छबे. त्या पोरीच्या हळदीला आपला हात लागला पाहिजे, एवढं एकच तिच्या मनात होतं.

आणि ते आता त्या गुलाबी फेट्याच्या हातात गेलं होतं.

नाटकाचं असं झालं. सारजाचा नवरा मुरारी तीन वर्षांमागं पिंपरीच्या माळावर नव्या कारखान्यात लागला. जमीन अर्धलीनं, निम्म्या वाट्यावर, कसायला दिली आणि बायको-लेकरांना घेऊन कॉलनीतल्या दोन खोल्यांत राहायला गेला. कारखान्यात टाइमकीपर होते बबनराव. ह्यांना नाटकाचं वेड. सकाळी कामगारांच्या वेळा लिहायच्या आणि संध्याकाळी नाटक लिहायचं. त्यांनी एक नाटक लिहिलं होतं, शहरातल्या एका कसबिणीचं. एका आजारी परक्या माणसाला ती घरात ठेवून बरं करते आणि बरा झाल्यावर तोच तिला ओळख देत नाही, असं कथानक. कसबिणीचं काम मशीनवरचा रहिमान करायचा. मिशा काढून, लुगडं नेसून. कारखान्याच्या आवारात ते चाललं, लोक पोट धरून हसले. पण पुण्याच्या कामगार-स्पर्धेत नियम होता, बाईचं काम बाईनंच करायचं. रहिमाननं मिशा वाढवायला घेतल्या आणि बबनराव कपाळाला हात लावून बसले. पुण्याहून नटी आणायची तर तिचे नखरे कोण सोसणार. तेव्हा मुरारीच पुढं झाला आणि म्हणाला, आमची मंडळी नकला लई झ्याक करती.

खोटं नव्हतं ते. सारजा एकदा बघितलेला माणूस तसाच्या तसा उभा करायची. तलाठ्याचं खोकणं, कंपनीच्या डॉक्टरचं तिरकं बघणं, सासूचं कंबरेवर हात ठेवून आभाळाकडं बघणं. पण कसबीण तिनं कधी बघितलीच नव्हती, तर करायची कुणाची नक्कल?

तिथं गौहरबी आली. नाटकाचे कपडे भाड्यानं देणारी, तोंडं रंगवणारी पुण्याची बाई. पन्नाशीची, दात तंबाखूनं काळे. ती पूर्वी कुठल्या माडीवर होती हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी विचारत नव्हतं. सारजानं तिला विचारलं की ती बाई बसते कशी, चालते कशी. गौहरबीनं पान लावता लावता सांगितलं, "थकून बसते, दुसरं काय. दिवसभर कांदे लावून घरी येतीस, तेव्हा कशी बसतीस? तशी बस. तुझे हात तुझेच ठेव. नाचायला मुरडायला लागलीस की रहिमान झालीस म्हणून समज."

सारजानं तेच केलं. स्वतःचे हात, स्वतःची कंबर, स्वतःचं कण्हणं तिनं त्या बाईला देऊन टाकलं. आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या देताना आधी पदरानं तांब्याचं बूड पुसायची तिची लहानपणापासूनची खोड. तीसुद्धा नाटकात गेली.

सासूला मात्र मुरारीनं सांगितलं की सारजा एका मोठ्या घरच्या बाईचं काम करणार आहे. सरुबाईनं बराच वेळ विचार केला आणि एकच अट घातली. काय करायचं ते करा, पण गळ्यातलं उतरायचं नाही. सारजा तिथंच उभी होती. मुरारी खोटं बोलतो आहे हे तिला समजत होतं, आणि ती गप्प राहिली.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी रंगपटात ते आडवं आलं. बबनराव म्हणाले, कसबिणीच्या गळ्यात डोरलं दिसलं तर परीक्षक उठून जातील. सारजा म्हणाली, उतरणार नाही, मग नाटक झालं नाही तरी चालेल. बबनरावांचं धोतर सुटायची वेळ आली. बाहेर घंटा वाजली. शेवटी गौहरबीनं सारजाला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. एका हातानं गळ्यातलं डोरलं वर घेतलं आणि दुसऱ्या हातानं ते चोळीच्या बाहीखाली दंडाला गुंडाळून काळ्या रेशमी दोऱ्यानं आवळून बांधलं. इतक्या झटक्यात, की ते गळ्यातून सुटलं केव्हा आणि दंडाला लागलं केव्हा हे सारजालाही कळलं नाही. गौहरबी कानाशी म्हणाली, "अंगावरून गेलं नाही ना? मग झालं तर."

पण दोऱ्याला घाम लागला. शेवटच्या अंकात त्या माणसाला दाराबाहेर काढताना सारजानं हात उगारला आणि दोरा निसटला. हात खाली येताच डोरलं बाहीतून घसरत घसरत मनगटावर आलं. काळे मणी, दोन वाट्या, समोर बसलेल्या हजार माणसांना दिसतील असे. नाटक-बिटक गेलं खड्ड्यात. तिनं ते मुठीत पकडलं आणि छातीशी गच्च धरलं, आणि तोंडातून मात्र पाठ केलेलं वाक्य बाहेर पडत राहिलं, जा, तुझी नि माझी ओळख न्हाई.

मांडवात कुणी खोकलंसुद्धा नाही. मग पहिल्या रांगेतून तो हमसण्याचा आवाज आला.

परीक्षकांनी भाषणात सांगितलं की त्या बाईनं दंडाला कुणाच्या तरी नावाचे काळे मणी लपवून बांधलेत, ही कल्पना सबंध स्पर्धेत कुणाला सुचली नाही. बबनरावांनी उभं राहून नमस्कार केला, जणू रात्रंदिवस जागून त्यांनीच ती काढली होती. सारजाला स्त्रीभूमिकेचा पहिला बिल्ला मिळाला. आणि तो गुलाबी फेटेवाला नारळ घेऊन पडद्यामागं आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, बाई, गाव कंचं आपलं? सारजा रंगल्या तोंडानं म्हणाली, इथलंच, पुण्याचं.

आता तो अंगणातल्या बाजेवर बसून फेटा सोडत होता.

सारजानं मनातल्या मनात हिशेब लावला. तेव्हा तोंडावर बोटभर रंग होता, डोळ्यांत काजळ ओतलेलं, केसात गजरा. आज कपाळावर घाम आणि हाताला कोंडा. आवाज बारीक ठेवायचा, पदर वर करायचा नाही, समोर जायचं नाही. हळद दळून होईपर्यंत घटकाभर तर काढायचं होतं. मुरारी असता तर त्यानं मामांना गोठ्याकडं, विहिरीकडं कुठंही नेलं असतं. पण तो मांडवाच्या मेढी आणायला गाडी घेऊन गेला होता.

अंगणात बायका जमल्या. चुलतसासू रुक्मिणीबाई सगळ्यांत थोरली, भावकीचा शब्द तिच्या जिभेवर. तिच्यामागं तिची सून रंभा, सावलीसारखी. शाळामास्तरांची बायको सुमनताई. शेजारच्या मळ्यातली गजराबाई, अंगानं भरभक्कम, कण्हत कण्हत जात्याशी बसली आणि गुडघे चोळू लागली. छबू पाटावर खाली मान घालून बसली होती. सरुबाई विधवा, तिनं हळदीला शिवायचं नाही. ती वळचणीखाली लांब उभी राहून हुकूम सोडत होती.

हिंदुराव मोठ्या आवाजाचे. ताथवड्याच्या जत्रेतल्या नाटकांच्या गोष्टी ते एकट्यानंच सांगत सुटले होते. सारजा चुलीशी बसून तो आवाज मोजत होती. एकदा ते म्हणाले, परवा पुण्याला एक नाटक बघितलं, आणि सारजाच्या हातातलं लाकूड चुलीत जास्तच आत गेलं. पण तेवढ्यात कुणीतरी बैलांचं विचारलं आणि ते बैलांवर गेले.

"पाव्हण्यांना पानी द्या गं कुनीतरी," सरुबाई म्हणाली. "सारजे, तू दे. बाकीच्या बसल्यात."

सारजानं रंभाकडं पाहिलं. रंभा सुपारी बांधत होती. छबूला उठवता येत नव्हतं. तिनं रांजणातून तांब्या भरला. पदर आणखी ओढला, इतका की पायापुरतीच भुई दिसावी. अंगण ओलांडताना तिला वाटलं, हे अंगण एवढं मोठं कधी झालं? बाजेजवळ गेली, मान वळवली आणि हात पुढं केला.

आणि तांब्या द्यायच्या आधी तिच्या हातानं, तिला न विचारता, पदराचं टोक धरून तांब्याचं बूड पुसलं. एक फेरा इकडून, एक तिकडून.

हिंदुरावांनी तांब्या घेतला नाही. ते त्या हाताकडं बघत राहिले.

"बाई," ते हळूच म्हणाले. मग हळू बोलणं त्यांना जमलं नाही. "अवो, तुमी त्या न्हवं का? पुन्याच्या! बिल्लावाल्या!"

सारजानं तांब्या बाजेच्या कडेला टेकवला.

हिंदुराव बाजेवरून उठलेच. चेहरा असा फुललेला, जणू लग्नघरात देव भेटला. सगळ्यांकडं वळून त्यांनी सांगायला सुरुवात केली. काय ते काम, काय ते बसणं, काय ते बोलणं. कसबिणीचं काम करावं तर ह्या बाईनं करावं. पुण्यातल्या नामांकित बाया मागं पडल्या आणि पहिला बिल्ला ह्यांना मिळाला. आमी ढसाढसा रडलो. आणि आमच्या भाच्याच्या सासरची ही बाई, म्हणजे आमच्या घराण्याचंच नाव झालं की. माणूस मनापासून बोलत होता. एकेक शब्द कौतुकाचा, आणि एकेक शब्दानं सारजा जमिनीत जात होती.

अंगणातला गलका बसत गेला. पहिल्यांदा रंभाचा हात सुपारीवर थांबला. मग गजराबाईचं कण्हणं थांबलं.

"कसबिणीचं?" रुक्मिणीबाई म्हणाली. तिनं सरुबाईकडं बघितलं. "मोठ्या घरची बाई म्हनला व्हता न्हवं मुरारी?"

सरुबाई वळचणीतून हलली नाही. "मुऱ्यानं मला तेच सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "व्हय गं?"

"खोटं सांगितलं त्यांनी," सारजा म्हणाली. पदर आता वर घेतला काय नि खाली काय. तिनं तो मागं सारला. "मला ठावं व्हतं. मीबी बोलले न्हाई."

हिंदुरावांना आता कुठं वास आला की आपण भलतंच काहीतरी केलं. सावरायला म्हणून ते घाईनं पुढं झाले. म्हणाले, अवो, वंगाळ काय न्हाई त्यात, कसबीण झाल्या पन डोरलं न्हाई सोडलं बाईंनी, दंडाला बांधलं व्हतं, त्याच्यावरच तर बिल्ला मिळाला.

सावरायचं राहिलं बाजूला, चुलीत तेल पडलं.

"म्हंजे आमच्या घरचं डोरलं अंगावर घेऊन कसबीण झाली," रुक्मिणीबाई सावकाश म्हणाली. "उतरून ठेवलं असतं तर म्हनलो असतो, सोंग केलं. आता काय म्हनायचं?"

"उतरून ठेवलं असतं तर तुमी म्हनला असता, न्हवरा जिता असून गळा मोकळा केला," सुमनताई म्हणाली. ती मास्तरांची बायको, तिला बोलायची सवय होती.

"मी तुमाला इचारलं न्हाई," रुक्मिणीबाई म्हणाली. "पाचांत ही नगं. रंभे, सोनाराच्या सुनंला हाक मार."

रंभा उठायला लागली. छबूनं पाटावरून मान वर केली. तिचे ओठ हलले, पण नवरीनं बोलायचं नसतं आणि समोर सासरचा मामा होता. ती नुसती आईकडं बघत राहिली. सारजाही सासूकडं बघत होती. एक मन म्हणत होतं, आपणच म्हणावं, मी बसत नाही, पोरीच्या लग्नात तमाशा नको. तसं म्हटलं असतं तर सगळे सुटले असते. पण म्हटलं की खोट आपल्या तोंडानं कबूल झाली. तिनं पदर कमरेला खोचला आणि जागा सोडली नाही.

"थांब रंभे," सरुबाई म्हणाली. वळचणीखालून दोन पावलं पुढं आली आणि तिथंच, हळदीच्या ताटापासून हात-दीड हात अलीकडं, उभी राहिली. "सारजे, म्या एकच अट घातली व्हती. गळ्यातनं उतरलं का न्हाई? नीट सांग."

सारजाला वाटलं, न्हाई म्हणावं. ते गळ्यातून सुटताना गौहरबीशिवाय कुणी बघितलं होतं? पण ही म्हातारी डोळ्यांतलं वाचायची.

"उतरलं," ती म्हणाली. "गळ्यातनं उतरलं. अंगावरनं न्हाई उतरलं."

"किती वकत?"

"नाटक सपंस्तवर."

"त्या वक्ताला मुरारी कुठं व्हता?"

"पडद्याचा दोर वढत व्हता."

"म्हंजे हिथं तू, नि तिथं त्यो."

"व्हय. समोरच."

सरुबाई कंबरेवर हात ठेवून आभाळाकडं बघत राहिली. त्या बघण्याची सारजानं किती वेळा नक्कल केली होती. आज तिला तिकडं बघवत नव्हतं.

"रुक्मिनी," शेवटी ती म्हणाली. चढवला नाही, उतरवला नाही, ठेवणीतला आवाज. "पटकीच्या सालाला माजं डोरलं तूच उतरलं व्हतंस. तुज्या ह्या हातांनी. नदीच्या काठाला. ध्यानात हाय का? त्याला उतरनं म्हनत्यात. ज्याच्या नावाचं हाय त्यो डोळ्यांम्होरं दोर वढत उभा हाय, आन् आपुन हिच्या गळ्याचं माप घेत बसलोय. खोटं मुऱ्या बोलला, त्याचं म्या बघून घेईन. सारजे, बस."

"ती बसली तर मी उठनार," रुक्मिणीबाई म्हणाली.

"तुजी मर्जी."

रुक्मिणीबाई उठली. पदर झटकला, सुनेच्या दंडाला धरून तिलाही उठवली. रंभानं सुपारी जात्याच्या खुंट्याशी ठेवली, अर्धवट बांधलेली, आणि खाली बघत सासूमागून गेली. कवाड वाजलं.

आता जात्याशी दोघी. हळद तिघींनीही दळता येते, पाच नाहीतर तीन, विषम आकडा साधला की झालं. पण दोघींनी होत नाही. आणि गजराबाईनं एक हात भुईला टेकला होता, उठायला टेकतात तसा. तिची नि रुक्मिणीबाईची शेतं बांधाला बांध लागून. पाणी त्याच पाटानं यायचं. सारजा उभीच होती. गजराबाईनं कवाडाकडं बघितलं, जात्याकडं बघितलं, सारजाकडं बघितलं. मग भुईवरचा हात उचलून गुडघ्यावर ठेवला.

"माजं बाई गुडघं लई वाईट," ती म्हणाली. "येकदा बसलं की उठवत न्हाई. बस की गं, का मुहूर्त टळू देतीस?"

सारजा बसली. सुपारी तिनं बांधली. तिघींनी खुंट्याला हात घातला, हळकुंडांचा घास आत पडला आणि जातं पहिल्यांदा अडलं, मग कुरकुरत फिरलं. ओवी सुमनताईनं सुरू केली, चुकीच्या चालीत. गजराबाईनं चाल सुधारली. सारजाचा हात इतका घट्ट होता की गजराबाई म्हणाली, अगं हळद दळायचीय, दगूड न्हाई.

हिंदुराव बाजेवर अंग चोरून बसले होते. तांब्या तसाच भरलेला. मध्येच ते म्हणाले की ताथवड्याची काही हरकत नाही, ते भावकीला जाऊन समजावतील. सरुबाई म्हणाली, "पाव्हणं, तुमी पानी प्या." ते प्याले.

लग्न झालं. रुक्मिणीबाईच्या घरचं माणूस मांडवात आलं नाही. पंगतीतली त्यांची जागा ठेवली होती, ती तशीच राहिली. पुढं सहा वर्षं दोन घरांत बोलणं नव्हतं, आणि सारजाला वस्तीवर बिल्लेवाली म्हणायला लागले ते कायमचं. कुणी चिडून म्हणायचं, कुणी कौतुकानं. म्हणणाऱ्याच्या तोंडाकडं बघून ओळखावं लागायचं. सोनाराकडच्या बारशाला तिला बोलावणं आलं नाही. मास्तरांकडच्या बारशाला आलं.

वऱ्हाड गेल्यावर सरुबाईनं मुरारीला गोठ्यात नेऊन काय सांगितलं ते कळलं नाही. तो बाहेर आला तेव्हा कान लाल होते आणि दोन दिवस तो आईसमोर वर बघून बोलत नव्हता.

पिंपरीला परत निघायच्या दिवशी सारजा बोचकं बांधत होती. सरुबाई उंबऱ्यावर येऊन बसली आणि म्हणाली, आण बघू तो बिल्ला. तो बोचक्यात आहे हे तिला कसं कळलं कुणास ठाऊक. सारजानं बोचक्याच्या तळातून चिंधीत गुंडाळलेला बिल्ला काढून दिला. म्हातारीनं तो हातावर तोलला, दाताखाली धरून बघितला.

"चांदीचा हाय?"

"न्हाई, आत्याबाई. मुलामा हाय."

"एवड्याशा मुलाम्यापायी एवडं," ती म्हणाली आणि बिल्ला परत दिला. मग उठून आत गेली. चुलीवर पाणी ठेवल्याचा आवाज आला. सारजाला वाटलं, संपलं. नाटकाचं दार बंद झालं. ती चिंधी पुन्हा गुंडाळू लागली.

सरुबाई आतूनच बोलली.

"पुढच्या वक्ताला दंडाला नगं बांधू. मुऱ्या म्हनला, घामानं निसटतंय. कमरंला बांध, लुगड्याच्या आत. आन् दोरा रेशमी नगं, सुती घे."

सारजानं बिल्ला बोचक्यात टाकला आणि गाठ मारली.